मालवणला दोघी जातोय, कुणी विचारलं तर काय सांगायचं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या समलिंगी मुलींकडून हा प्रश्न हमखास येतो. आम्ही दोघी कोकणात फिरायला जातोय, गाव छोटं आहे, होमस्टेवाल्या काकी चौकशा करणार, मग सांगायचं काय? पुण्या-मुंबईत रूममेट म्हटलं की विषय संपतो, पण मालवण, वेंगुर्ला, हर्णै, मुरुड असल्या ठिकाणी माणसं जेवायला वाढता वाढता आडनाव विचारतात, आडनावावरून गाव, गावावरून वाडी, आणि भात संपायच्या आत तुमच्या आत्याच्या नणंदेपर्यंत पोचतात. म्हणून इथे मी दोघींची नावं देतच नाही, बदललेली सुद्धा नाही. एक बँकेत आहे, दुसरी शाळेत शिकवते, तेवढ्यावर भागवू. हे लिहायला दोघींनी हो म्हटलंय आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

दोघी तिशीतल्या, पुण्यात एका फ्लॅटमध्ये बरीच वर्षं एकत्र राहणाऱ्या. बँकेतली मराठवाड्यातली, तिच्या बहिणीला आणि ऑफिसातल्या जवळच्या चार लोकांना सगळं माहितीये. शाळेतलीचं आजोळ कुडाळजवळ आणि तिच्या घरात कुणालाच काही माहिती नाही. माझ्याकडे आल्या तेव्हा मालवणची ट्रिप अर्धवट सोडून एक दिवस आधीच परतल्या होत्या आणि पूर्ण बसप्रवासात एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

झालं असं की होमस्टेत बॅगा ठेवतायत तोवर काकींनी प्रेमाने विचारलं, ‘बहिणी-बहिणी काय गो?’ आणि शाळेतलीच्या तोंडून निघून गेलं, ‘हो, मावसबहिणी.’ एवढंच. पण कोकणात मावसबहीण म्हटलं की मग मावशी कुठे दिली, थोरली कोण, धाकटी कोण, हे ओघानेच आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकींची जाऊ आली, तिचं माहेर नेमकं शाळेतलीच्या आजोळाशेजारच्या गावातलं, आणि ती सहज म्हणाली, ‘तुझ्या मावशीक तर दोन झीलच, ह्या चेडू खयचा?’, म्हणजे मावशीला तर दोन मुलगेच, मग ही मुलगी कुठली. मग शाळेतलीने आणखी एक लांबची मावशी उभी केली, तिला नागपूरला दिली, तिच्या नवऱ्याला नोकरी लावली, आणि बँकेतली शेजारी बसून सोलकढीच्या वाटीकडे बघत राहिली. रात्री खोलीत भांडण झालं. ‘इतकी वर्षं काढली तुझ्याबरोबर आणि तू एका सेकंदात मला बहीण करून टाकलंस,’ असं एकीचं म्हणणं, आणि ‘तुझं काय जातंय, तुझं आजोळ नाहीये इथे,’ हे दुसरीचं.

पहिल्या सेशनला मी त्यांना एकच काम दिलं. मालवणमध्ये नेमकी कशाकशाची भीती वाटली ते दोघींनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकींचं न बघता. बँकेतलीने लिहिलं, रूम नाकारतील, पोलिसांना फोन करतील, आधार कार्डावर वेगळी आडनावं बघून प्रश्न विचारतील. शाळेतलीने एकच ओळ लिहिली, आजीला कळेल. म्हणजे एकीची भीती कायद्याची आणि अनोळखी माणसांची, दुसरीची भीती आपल्या माणसांची, आणि दोघी मात्र एकाच गोष्टीवर भांडतोय असं समजत होत्या.

कायद्याचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मिळाला नाही, ह्याचं दुःख माझ्याकडे येणाऱ्या खूप जणी अजून वागवतायत, पण त्या निकालाने तुमचं नातं परत गुन्हा झालेलं नाही. दोन सज्ञान बायकांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही, मॅरेज सर्टिफिकेट लागत नाही, दोघींचं फोटो आयडी दाखवायचं आणि रजिस्टरवर सही करायची, झालं. आता एखादा मालक तरीही तोंड वाकडं करू शकतो, ते मी नाकारत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की बुकिंग ॲपवर करून गप्प बसू नका, फोन करा, ‘आम्ही दोघी आहोत, एकच डबल बेड हवाय’ असं साध्या आवाजात सांगा, समोरच्याचा सूर तिथेच कळतो आणि नको वाटलं तर घरबसल्या दुसरं बघता येतं. जवळच्या दुसऱ्या एका लॉजचा नंबर सेव्ह करून ठेवा. रात्री कुणी त्रास दिलाच तर वाद घालत बसायचं नाही, बाहेर पडायचं, गरज पडली तर ११२.

आणि होमस्टे की हॉटेल, ह्यावर माझं स्पष्ट मत आहे. होमस्टेतलं जेवण हॉटेलात मिळत नाही हे खरंय, पण होमस्टे म्हणजे कुणाचं तरी घर, तिथे प्रश्न विचारणं हा पाहुणचाराचाच भाग असतो. ज्यांना प्रश्नच नकोत त्यांनी वेगळा दरवाजा असलेली कॉटेज घ्यावी नाहीतर तारकर्लीला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे तिथे राहावं आणि जेवायला खानावळीत जावं. त्यात पळपुटेपणा नाही. सुट्टीवर गेलोय, परीक्षेला नाही.

शाळेतलीचं अवघड होतं. आम्ही तिच्या शरीराबद्दल बोलायला लागलो तेव्हा कळलं की मालवणमध्ये ती नीट झोपलीच नव्हती, खांदे दुखत होते, जेवण जात नव्हतं, बाजारात कुणी मागून ‘बाय गो’ म्हणून हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं आणि ती हाक मासे विकणाऱ्या मावशीची निघायची, दुसऱ्याच गिऱ्हाइकाला मारलेली. ह्याला आमच्या भाषेत मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात. आपल्याला नाकारतील ह्या शंकेने शरीर सतत पहाऱ्यावर राहतं, काही घडलेलं नसताना सुद्धा, आणि मग साधी चौकशी आणि संशय ह्यातला फरक कळेनासा होतो. काकींनी विचारलं ते संशयाने नव्हतं, त्या नवराबायकोलाही विचारतात, एकट्या पुरुषालाही विचारतात, मलाही विचारलं असतं. पण हे नुसतं सांगून शरीर ऐकत नाही, म्हणून आम्ही पुण्यातच सराव केला. दोघींनी एखाद्या खानावळीत जेवायला जायचं, आणि शाळेतलीने फक्त लक्ष ठेवायचं की आपण किती वेळा दरवाज्याकडे बघतोय, जबडा कधी आवळतोय, आणि लक्षात आलं की श्वास सावकाश सोडायचा. सुरुवातीला तिला वैताग आला, मग हळूहळू तिला स्वतःचा पहारा दिसायला लागला.

ह्याच काळात तिने घाबरत घाबरत विचारलं की समलिंगी असणं हे बरं होतं का, कॉलेजात असताना एकदा आईला न सांगता ती स्वतःच एका डॉक्टरकडे गेली होती. मी तिला सांगितलं, जे आजारच नाही ते बरं काय करणार. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये हे आजारांच्या यादीतून काढलं, आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असले ‘बदलण्याचे’ उपचार करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. त्या दिवशी ती खूप रडली, मालवणचा विषय बाजूलाच राहिला.

बँकेतलीशी मी जरा कडक बोलले. तिला पुसून टाकल्यासारखं वाटलं होतं आणि ते खरंच होतं, पण भांडणात ती एकदा म्हणाली होती की पुढच्या वेळी मीच काकींना सांगून टाकीन. हे चालणार नाही. कुणी कुणाला कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, जोडीदाराने सुद्धा ते परस्पर करायचं नाही, आणि आजोळच्या दारात तर मुळीच नाही. त्याचबरोबर शाळेतलीलाही मी सांगितलं की गप्प राहण्याचा हक्क तुला आहे, पण शेजारी बसलेल्या माणसाला दुसरंच कुणीतरी करून टाकण्याचा नाही.

मग ह्या दोन्हीच्या मध्ये काय बसतं ते आम्ही शोधत बसलो. आणि जे सापडलं ते फारच साधं होतं, ‘आम्ही पुण्यात एकत्र राहतो.’ बस. हे खरं आहे, त्यात काही जोडायचं नाही. खोट्याचं कसं असतं, त्याला रोज खतपाणी घालावं लागतं, मावशी झाली की काका लागतो, काका झाला की त्याची नोकरी. खऱ्या वाक्याला काहीच लागत नाही, दुसऱ्या दिवशी तेच परत म्हणता येतं. काकींना त्यातून मैत्रिणी समजायचं तर समजू देत, आणखी काही समजायचं तर तेही समजू देत, ते त्यांच्याकडे. मी दोघींना एकच कसोटी दिली, जे वाक्य बोलशील ते शेजारी बसून तिला ऐकवेल का? मावसबहीण ऐकवत नाही. एकत्र राहतो हे ऐकवतं. बँकेतलीने ते वाक्य दोन-तीनदा शाळेतलीच्या तोंडून ऐकलं आणि म्हणाली, चालेल, ह्यात मी आहे.

लग्नाचा प्रश्न येतोच, त्याचंही ठरवलं. ‘नाही केलं’ एवढंच, कारणं द्यायची नाहीत, आणि लगेच आपण विचारायचं की काकी आज मासळी काय मिळाली. कोकणात माशाचा विषय निघाला की तो लवकर संपत नाही.

मी मध्येच विचारलं होतं की एवढं जर आजोळ जवळ आहे तर मालवणच कशाला, मुरुडला जा, जंजिरा बघा, तिथे तुला ओळखणारं कोण आहे. तर शाळेतली नाही म्हणाली. लहानपणी आजोबा तिला सिंधुदुर्गावर न्यायचे, जेट्टीवरून होडीने, महाराजांनी १६६४ मध्ये भर समुद्रात कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा, आणि आजोबांची आवडती गोष्ट म्हणजे दूधबाव, साखरबाव, दहीबाव, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ह्या गोड्या पाण्याच्या विहिरी. ते पाणी तिला बँकेतलीला दाखवायचं होतं. पहिल्या ट्रिपला भांडणामुळे किल्ला राहूनच गेला. हे ऐकल्यावर मी मुरुडचं नाव परत काढलं नाही.

डिसेंबरमध्ये दोघी परत गेल्या, दुसऱ्या घरी उतरल्या, पावसाळ्यात बंद असतात त्या होड्या तेव्हा चालू होत्या. फोटो स्टेटसला परत आल्यावरच टाकायचे असं ठरलेलं. किनाऱ्यावर हातात हात घालून फिरल्या, आणि बँकेतलीला आश्चर्य वाटलं की कुणी वळूनही बघितलं नाही. दोन बायकांनी हात धरणं आपल्याकडे कुणाला खटकत नाही, दोन पुरुषांच्या जोडप्याला किंवा मिठी मारलेल्या कुठल्याही जोडप्याला ही सवलत नाही. ती घ्यावी असं माझं मत आहे, जरी काही जणींना त्यातच दुःख होतं की आपण दिसतच नाही. जवळच्या गावात जत्रा होती, रात्री दशावतार बघितला, पुरुष नटाने केलेली राणी रडली तेव्हा पुढे बसलेल्या आज्या पदराने डोळे पुसत होत्या. गाव आता सगळं स्वीकारेल असा अर्थ मी त्यातून काढत नाही, पण तीन तास शाळेतलीने मागे वळून कोण बघतंय ते बघितलं नाही, हे तिने मला आवर्जून सांगितलं.

नव्या काकींनी विचारलंच. शाळेतलीने ठरलेलं वाक्य म्हटलं. काकी म्हणाल्या, ‘बरा, एकमेकीक सोबत जाता,’ आणि वडे तळायला गेल्या. जेट्टीवर मात्र आजोळचा एक लांबचा भाऊ भेटला. तिचे पाय लटपटले, पण तेच वाक्य तिने त्यालाही सांगितलं. तो दोघींकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग निघून गेला. संध्याकाळी आजीचा फोन. ‘मालवणाक इलंस आणि घराक नाय इलंस?’ त्याने आजीला काय सांगितलं, किती सांगितलं, ते अजून कळलेलं नाही, आजीने बरोबर कोण होतं हेही विचारलेलं नाही.

तिला त्यानंतर काही रात्री झोप लागली नाही. अशा वेळी रात्री-बेरात्री मला फोन लागेलच असं नाही, म्हणून टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी सगळ्यांनाच देऊन ठेवते, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो, तिने एकदा वापरला सुद्धा.

सध्या आमच्या सेशनमध्ये आजीकडे दोघींनी जायचं का, हा विषय चालू आहे. शाळेतली म्हणते गेलो तर झोपायचं कुठल्या खोलीत, माजघरात सगळे एकत्र झोपतात. बँकेतलीचं म्हणणं गणपतीत नको, पूर्ण गोतावळा असतो, मे महिन्यात आजी एकटीच असते तेव्हा दोन दिवस जाऊ आणि तेच वाक्य तिलाही सांगू. शाळेतलीने अजून हो म्हटलेलं नाही, मीही तिला घाई करत नाहीये.