तंबाखूचं पाणी कानात सोडू काय?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही निपाणीजवळ मळ्यात राहतो. आमची कुत्री राणी चार वर्षांची, लोंबत्या कानांची. आठ दिवस झाले, उजवा कान खाजवतेय, डोकं सारखं झटकतेय. कानाला आंबूस वास मारतोय. शेजारचे काका म्हणतात, तंबाखू भिजवलेलं पाणी दोन थेंब सोड, आत काय असंल ते मरतंय बघ. सोडू काय?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : नका सोडू. तुमच्या भागात तंबाखू घरोघरी, म्हणून सल्लाही तोच. खानापूरकडं याच कामाला लसूण कढवलेलं तेल चालतं. तंबाखूतलं निकोटिन सोललेल्या कातडीतून अंगात भिनतं. त्यानं कुत्रं थरथरतं, ओकतं, जिवालाही धोका होतो.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. आधी खाली उतरते, मग आत वळते. त्या वळणावर काय बसलंय ते बाहेरून दिसत नाही आणि पडदा शाबूत आहे का, तेही कळत नाही. पडदा फाटलेला असताना चुकीचं औषध आत गेलं, तर कुत्रं बहिरं होऊ शकतं. माणसांचे उरलेले ड्रॉप्सही म्हणूनच नकोत.

आंबूस वास आणि तपकिरी, मेणचट मळ असेल तर बहुधा यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. आपल्या पावसाळी हवेत लोंबत्या कानाखाली ते फोफावतं. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा मळ गोचिडाच्या जातकुळीतल्या अगदी बारीक किड्यांचा (माइट्सचा). पिवळा-हिरवा पू आणि घाण वास आला तर जिवाणू. पण हे अंदाज झाले. मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय औषध ठरवू नये.

तुम्ही ‘उजवा’ असं लिहिलंत, तिथं मी थांबलो. एकच कान असेल तर मला आधी कुसळ आठवतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी खानापूर भागात गवतकापणीच्या दिवसांत एक शेतावरचा कुत्रा आणला होता. मी नुसता मळ बघून पंधरा दिवस थेंब दिले. कान आणखी सुजला. शेवटी भूल देऊन दुर्बिणीनं बघितलं, तर पडद्याजवळ कुसळ रुतलेलं. मालक तेव्हा एक शब्द बोलला नाही, ते मला जास्त लागलं. गोचीडही कानात असंच दडून बसतं.

तेव्हा डॉक्टरांना आत बघायला सांगा. धुण्याचं द्रावण त्यांनीच दिलेलं वापरा : कोमट करा, कानात भरा, बुडखा पचपच आवाज येईपर्यंत चोळा, मग तिला झटकू द्या. आपण लांब व्हा, नाहीतर अंगावर येतं! बोट जाईल तेवढंच कापसानं पुसा. काडी नको, ती मळ आणखी आत ढकलते. दहा-पंधरा मिनिटांनी थेंब घाला.

राणी मान वाकडी धरायला लागली, चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी जा. झटकून झटकून कानाची पाळी फुग्यासारखी फुगली तरी जा. आत रक्त साकळलेलं असतं, घरी टोचू नका.

वास गेला की लोक चौथ्या दिवशी औषध बंद करतात आणि महिन्यात परत येतात. सांगितले तेवढे दिवस घाला, आणि फेरतपासणीला जाताना त्या दिवशी कान पुसू नका. मळच बघायचा असतो.