चांदीचे पैंजण सहा महिन्यांत काळे पडले, म्हणजे चांदी खोटी आहे का?

नाही, काळं पडल्यामुळे चांदी खोटी ठरत नाही; खरी चांदीही अशी काळवंडते. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. ९९९ शुद्धतेची, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदीही यातून सुटत नाही, आणि पैंजणात तर मजबुतीसाठी तांबं मिसळलेलं असतं. नांदेडच्या सराफ्यात पॉलिशला येणारे पैंजण मी रोज हाताळतो: कड्यांच्या सांध्यात, घुंगरांच्या खाचेत काळं साचलेलं असतं, पण पायाला सतत घासणारी बाजू लख्ख असते. घरी भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, पैंजण तिला टेकतील असे ठेवा, वरून चमचाभर खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घाला. थोड्या वेळात काळं उतरतं आणि चांदी झिजत नाही. टूथपेस्टने घासायचा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, पण कृपा करून तो ऐकू नका, बारीक चरे पडतात. मीनाकाम किंवा खडे असतील तर सोड्याचा प्रयोगही नको. मात्र झिजलेल्या जागी तांबूस किंवा पिवळा धातू दिसू लागला, तर तो बहुधा चांदीचा मुलामा आहे. मग पावती घेऊन दुसऱ्या सराफाकडून कस तपासून घ्या.