ईएसपी३२, १६ बाय २ डिस्प्ले आणि मेन्सवरचा रिले: यासाठी डबा कुठला घ्यावा?

तुमच्या प्रोजेक्टमध्ये वाय-फायही आहे (ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि मेन्सही (घरातली २३० व्होल्टची वीज, जी रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच चालू-बंद करतो), त्यामुळे निवड जवळपास ठरलेलीच आहे: एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकचा, स्क्रूने बंद होणारा जंक्शन बॉक्स. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात मिळतो. धातूच्या डब्यात वाय-फाय अडतं, शिवाय डब्याला अर्थिंग द्यावं लागतं. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा ५ व्होल्टच्या प्रोजेक्टला चालेल, पण मेन्सला नकोच. त्याचं झाकण कुणीही हाताने उघडू शकतं आणि ते प्लास्टिक सहज पेट घेतं.

माप घेताना बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: फक्त बोर्ड मोजला जातो. ड्युपाँट कनेक्टर (जंपर वायरच्या टोकाचं काळं प्लास्टिकचं टोपण) बोर्डाच्या उभ्या पिनवर बसवला की त्याचीच उंची १४ मिमी असते, त्यावर वायर वळायला आणखी १० मिमी लागतात. यूएसबीची पिन खोचल्यावर बाजूलाही बरीच जागा जाते. आणि झाकणाचे स्क्रू ज्या खांबांत बसतात, ते चारही कोपरे आतून खातात. म्हणून सगळ्या वायरी जोडून भाग पुठ्ठ्यावर मांडा, त्यावरून मोजा, आणि मगच डबा घ्या.

भोकं डबा रिकामा असतानाच पाडा. मास्किंग टेप लावून त्यावर आखा, आतून लाकडाचा तुकडा टेकवा, आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि मग स्टेप ड्रिलने (पायऱ्या-पायऱ्यांनी जाड होत जाणारं शंकूसारखं ड्रिल) कमी वेगात मोठं करा. साधं मोठं ड्रिल पातळ प्लास्टिकमध्ये अडकून तडा पाडतं. वेग जास्त झाला तर प्लास्टिक वितळून कडेला चिकटतं. डिस्प्लेच्या बोर्डाचं माप ८० बाय ३६ मिमी असतं, पण खिडकी बोर्डाची नको, बाहेर येणाऱ्या धातूच्या चौकटीची कापायची. ती कॅलिपरने मोजा. आखलेल्या रेषेच्या आत कोपऱ्यांत भोकं पाडून बारीक करवतीने कापा, १ मिमी शिल्लक ठेवा आणि उरलेलं सपाट कानशीने घासा. खिडकी मोठी झाली की ती पुन्हा लहान होत नाही, म्हणून इथे घाई नको.

बोर्ड एम३ स्टँडऑफवर (३ मिमी स्क्रूचे, बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बसवा, डब्याला ३.२ मिमीचं भोक. ग्लू गनवर भिस्त ठेवू नका. गुळगुळीत एबीएसवरून तो गोंद कालांतराने सुटू शकतो. रिलेच्या बाजूला मात्र स्क्रू आणि स्टँडऑफ दोन्ही नायलॉनचेच हवेत. बऱ्याच रिले मॉड्यूलवर बसवायचं भोक मेन्सच्या ट्रॅकला (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला) खेटून असतं. तिथे धातूचा स्क्रू लावला आणि त्याचं डोकं डब्याबाहेर आलं, तर डबा प्लास्टिकचा असूनही हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो.

मेन्सची केबल ग्लँडमधूनच (केबल घट्ट पकडणारी, नटाने आवळायची प्लास्टिकची बुच) आत घ्या. ७ मिमीच्या तीन-कोअर केबलला पीजी९ मापाचा ग्लँड बसतो, पीजी७ लहान पडतो. फेजवर, आत येताच, फ्यूज घाला. मेन्स आणि ५ व्होल्टच्या वायरी शेजारून नेऊ नका, मध्ये प्लास्टिकची पट्टी उभी करा.

१२ व्होल्टवरून ७८०५ या रेग्युलेटर चिपने ५ व्होल्ट काढत असाल तर २५० मिलिअँपिअरला १.७५ वॉट नुसती उष्णता होते, आणि बंद डब्यात ती साठत जाते. त्याऐवजी बक कन्व्हर्टर वापरा, तो व्होल्टेज उतरवताना फारच कमी उष्णता करतो. थ्रीडी प्रिंटचा विचार असेल तर पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक टाळा, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं.

ईएसपी३२ बसवताना अँटेनाचं टोक डब्याच्या भिंतीकडे ठेवा आणि त्याच्याभोवती १५ मिमीपर्यंत वायर, स्क्रू, बॅटरी काहीही येऊ देऊ नका.