लेकीला कच्च्या तेलाचं रसायनशास्त्र शिकायचंय, पाठवू का?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला ऊस उत्पादक. मुलगी सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे. जमिनीतलं घट्ट कच्चं तेल वाफ आणि रसायनं आत सोडून सुधारतात, तेच शिकायचं म्हणते. पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालू का? पोरीची जात, तेलविहीर खोदायच्या रिगवर कशी निभावणार? उद्या सगळ्या गाड्या विजेवर चालल्या तर? — एक पालक

सप्रेम नमस्कार,

जरूर शिकवा, पण पेट्रोलियमऐवजी केमिकल इंजिनिअरिंगला घाला. तिला आवडलेलं काम विहीर खोदण्याचं नाही, रसायनाचं आहे.

गुऱ्हाळातली काकवी तुम्हाला ठाऊकच आहे. तापली की धार धरते, निवली की पुन्हा घट्ट. नुसत्या वाफेनं जड, म्हणजे घट्ट तेलाचं बरंचसं असंच होतं. कायमचा फरक पडतो तो रेणू तुटल्यावर. साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या वाफेत तेलातल्या रेझिन आणि अस्फाल्टीनच्या अवजड रेणूंमधले कार्बन-गंधक बंध तुटू लागतात. निकेल, लोह किंवा मॉलिब्डेनमची संयुगं उत्प्रेरक म्हणून मिसळली की तुटण्याचा वेग वाढतो. पण तुटलेले तुकडे परत एकमेकांना जोडले जातात, म्हणून टेट्रालिनसारखं हायड्रोजन देणारं द्रव्य सोबत घालतात. हे साधलं तर तेल निवल्यावरही पातळ राहतं. यात हायड्रोजन सल्फाइड हा जीवघेणा वायू सुटतो. त्याची काळजी घ्यायला शिकणं हाही अभ्यासाचाच भाग.

यातलं पुष्कळसं काम प्रयोगशाळेत चालतं, त्यामुळे रिगची धास्ती नको. आणि तिला रिगवरच जावंसं वाटलं, तर मुली तिथंही काम करतात. तिला अडवू नका. आपल्या देशात असं जड तेल गुजरातेत मेहसाणा भागात आणि राजस्थानात बाघेवाला इथं आहे.

विजेच्या गाड्यांबद्दलची तुमची शंका रास्त आहे, आणि म्हणूनच मी केमिकल म्हणतो. उत्प्रेरक, वाफ, उष्णतेचा हिशेब हे शिकलेली मुलगी औषधं, खतं, इथेनॉल, कुठंही उभी राहील. इथेनॉल तर तुमच्या उसाचंच. चार वर्षं फक्त तेलाला बांधून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. मन तिथंच राहिलं तर एम.टेक. पेट्रोलियममध्ये करता येतं. धनबादची आयआयटी त्यासाठी नावाजलेली आहे.

प्रवेशाचं म्हणाल तर कर्नाटकची प्रवेशपरीक्षा केसीईटी द्यावीच, पण देशपातळीवरची जेईई मेन सोडू नका. सुरतकलच्या एनआयटीत निम्म्या जागा कर्नाटकातल्या मुलांसाठी असतात, आणि एमआरपीएल या कंपनीची तेलशुद्धीकरणाची मंगळूर रिफायनरी तिथून जवळच आहे. दुसरी वाट महाराष्ट्राची. सीमाभागात दहावी-बारावी केलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी तरतूद आहे. खानापुरातल्या कितीतरी घरांना ही गोष्ट फॉर्मची तारीख गेल्यावर कळते, याची मला फार हळहळ वाटते. त्यासाठी महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी द्यावी लागेल. त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा, आणि गाव सीमाभागातलं असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन्ही दाखले निकालाची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवा. कानडी माध्यमात शिकली असेल तर मातृभाषेच्या दाखल्यासाठी प्राचार्यांना आधी भेटा.