वाचक विचारतात : परदेशात दुसऱ्याच्या घरी वर्षभर राहायचं तर

प्रश्न : ताई, मी वरुडजवळच्या गावातली, रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून वर्षभर जर्मनीले चालली आहे, तिकडच्या कुटुंबात राहायचं आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी जाऊन आली, ती सांगते तिकडे रात्री थंडंच जेवतात आन कोनी आग्रहच करत नाही, ती पहिल्या दिवशी उपाशीच झोपली म्हणे. हे ऐकून आईनं धसकाच घेतला. तिले संत्री न घरचं तूप बांधून द्यायचं आहे. आम्ही शाकाहारी आहो. अजून काय काय वेगळं निघेल ते आधीच सांगा ना.

उत्तर : पोरी, आधी आईला सांग की ती मुलगी उपाशी झोपली ते घरचे वाईट होते म्हणून नाही. आपल्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि वाढणारीनं तिसऱ्यांदा वाढायचंच, हे इतकं अंगात भिनलंय की आपण भूक असतानाही नको म्हणतो. तिकडे एकदा नको म्हटलं की विषय संपला, पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याचं न ऐकणं असं त्यांना वाटतं. त्यामुळे भूक असेल तर सरळ हो म्हण, नंतर लागली तर फ्रीजमधलं काय घेऊ शकते हे पहिल्याच दिवशी विचारून घे, यात लाजायचं काहीच नाही, आणि रोटरीत ही कुटुंबं पैसे घेऊन ठेवत नाहीत, मुलगी घरात यावी असं वाटतं म्हणूनच ठेवतात.

रात्रीचं म्हणशील तर ब्रेड, चीज, काकडी-टमाटर, लोणी असं मांडून सगळे सोबत बसतात. जुन्या रीतीनं गरम जेवण दुपारचं, पण आता बऱ्याच घरी संध्याकाळीही शिजवतात. शाकाहाराचं मात्र फॉर्मवर नीट लिही, अंडं चालतं की नाही तेही लिही, कारण नुसतं शाकाहारी म्हटलं तर अंडं चालतं असंच धरतात. बटाट्याच्या भाजीतसुद्धा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, सूप मांसाच्या पाण्याचं असू शकतं, आणि त्या रबरासारख्या गोळ्या-चॉकलेटांत बहुतेक जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ, असतं. त्या घरात मांस शिजेलच, त्यावर तोंड वाकडं करू नको एवढंच.

आता संत्री. आईचं मन मोडवत नाही मला, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला सामानात दूध-तूप नेता येत नाही, आणि ताजी फळं सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे, संत्र्याला नाही. त्यापेक्षा जवसाची चटणी, तिखट, काळा मसाला कोरडं पॅक करून ने आणि एखाद्या दिवशी त्यांनाच वरण-भात करून घाल, खूप आनंद होईल त्यांना.

रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद, 1919 च्या घटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या घटनेतही कायम आहे. त्या दिवशी ड्रिल, गवत कापायची मशीन, मोठ्ठा आवाज नको, आणि रोजच रात्री 10 नंतर शांतता. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून खिडक्या सताड उघडतील, घाबरू नको, घरातली ओल बाहेर जावी म्हणून ते करतात. पाण्याची, कोल्ड्रिंकची रिकामी प्लॅस्टिक बाटली कचऱ्यात टाकू नको, तिच्यावर बहुतेकदा 25 सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की परत मिळतं. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नको, अपशकुन मानतात.

प्रश्न : मुलगा युथ एक्स्चेंजमधून जर्मनीला गेल्यापासून फोनच घेत नाही, घेतला तर घाईत ठेवून देतो. आम्ही रोज शेतातून आलो, जेवणं झाली की लावतो. काही बिनसलं असेल काय? (एक वडील, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, वेळ बघा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. तुमची जेवणं साडेनऊला आटोपली तर तिकडे संध्याकाळचे 6 किंवा 5, म्हणजे घरचे जमायची, टेबलावर बसायची वेळ, आणि तिथे जेवताना फोन काढणं बरं दिसत नाही. रविवारी दुपारी अडीचला लावून बघा, तिकडे सकाळचे 11 नाहीतर 10 असतील, पोरगा निवांत असतो. तेव्हाही आवाज उतरलेला वाटला तर त्याला वाट बघायला लावू नका, इकडच्या रोटरी क्लबमधल्या युथ एक्स्चेंज पाहणाऱ्या माणसाला त्याच दिवशी फोन करा.