मचूळ तळ्यात पाणवनस्पती वाढवल्या तर गोड्या तळ्यासारखं पाणी नितळ होईल का?

बहुधा नाही, निदान तेवढं तरी नाही. गोड्या उथळ तळ्यात पाणी गाळण्याचं खरं काम डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा हे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी करतात: दिवसा माशांपासून लपायला वनस्पतींच्या जाळीत शिरायचं आणि रात्री उघड्या पाण्यात येऊन हिरवं शेवाळ फस्त करायचं. खारेपणा लिटरला साधारण २ ग्रॅमच्या वर गेला (समुद्रात तो ३५च्या आसपास असतो) की बहुतेक डॅफ्निया मागे पडतात. मग राज्य येतं युरिटेमोरासारख्या कोपेपॉडांचं आणि रोटिफरांचं, म्हणजे तरंगणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्म प्राण्यांचं. त्यांना डॅफ्नियाइतकं शेवाळ आटोक्यात ठेवणं जमत नाही. शिवाय लपायची जागाच फितूर होते. तळ्यांचे अभ्यासक एरिक येपेसन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात डेन्मार्कमधल्या गोड्या आणि मचूळ तळ्यांची तुलना केली, त्यातून हेच दिसलं. तिथल्या मचूळ पाण्यात स्टिकलबॅक नावाचे बोटाएवढे मासे आणि निओमायसिस ही कोळंबीसारखी दिसणारी जीवजात भरपूर असते. दोघंही प्राणिप्लवक, म्हणजे डॅफ्नियासारखे तरंगणारे बारीक प्राणी खातात, आणि स्टिकलबॅक तर वनस्पतींच्या आतच वावरतात. म्हणजे आडोसा आहे, पण शिकारी आधीच आत बसलेला. एक लक्षात ठेवा: २ ग्रॅम ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. डॅफ्निया मॅग्ना ही मोठी जात याहून बराच जास्त खारेपणा सोसते, त्यामुळे मासे कमी असलेल्या तळ्यात ती टिकून पाणी स्वच्छ ठेवूही शकते. म्हणून रोपं आणण्याआधी खारेपणा मोजा, तोही पावसाळ्यानंतर आणि पुन्हा ऐन मे महिन्यात, आणि तळ्यात छोटे मासे किती आहेत ते बघा.