केनियात निवडणुकीवरून हिंसाचार झाला तेव्हा बाहेरच्या देशांनी 'चिंता' व्यक्त केली, त्याने खरंच काही फरक पडतो का?

नुसत्या निवेदनांनी नाही पडत. दबाव आणला तर पडतो, आणि त्याहून जास्त फरक कागदाने पडतो. मी झेडपीचा शिक्षक, केंद्राध्यक्ष म्हणून इलेक्शन ड्युटी केलेली आहे, त्यामुळे बूथवर लिहिलेला आकडा वर पोचेपर्यंत तोच राहतो का, याच नजरेने केनियाकडे बघतो.

२७ डिसेंबर २००७ ला राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान तसं बऱ्यापैकी शांततेत झालं. सुरुवातीला विरोधी नेते रैला ओडिंगा पुढे होते, मग राजधानी नैरोबीत आकडे यायला उशीर व्हायला लागला, आणि ३० तारखेला आधीपासून राष्ट्राध्यक्ष असलेले म्वाई किबाकी साधारण २ लाख ३० हजार मतांनी जिंकले असं जाहीर करून अंधार पडता पडता घाईघाईत शपथविधी पण उरकला. मोलो मतदारसंघाचंच बघा ना. तिथे युरोपियन युनियनच्या निरीक्षकांसमोर किबाकींची मतं जाहीर झाली ५०,१४५ आणि नैरोबीत निवडणूक आयोगाने त्याच मोलोची वाचली ७५,२६१. पंचवीस हजार मतं वाटेत वाढली! आयोगाचे अध्यक्ष सॅम्युअल किवुइटू यांनी तर नंतर सांगून टाकलं की किबाकी खरंच जिंकले का हे मला माहीत नाही. अरे मग जाहीर कशाला केलं?

पुढचं वाचताना आजही पोटात कालवतं. एल्डोरेटजवळ कियांबा गावात चर्चमध्ये आसरा घेतलेल्या किकुयू (किबाकींच्या जमातीच्या) लोकांना १ जानेवारीला आग लावून मारलं, त्यात बरीच बायका-मुलं, मग नाइवाशा शहरात किकुयूंनी त्याचा सूड घेतला. रिफ्ट व्हॅली या भागात जमिनीचं जुनं दुखणं होतंच, निवडणुकीने ते पेटवलं. हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने १,१३३ मृत्यू मोजले, त्यातले ४००हून जास्त गोळी लागून, आणि लाखो लोक घरदार सोडून गेले.

आता बाहेरच्यांचं. अमेरिकेने आधी किबाकींचं अभिनंदन केलं आणि मग ते मागे घेतलं, त्यानंतर सगळ्यांच्या चिंता सुरू झाल्या, पण मारामारी चालूच. खरा फरक पडला तो संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान जानेवारीच्या शेवटी नैरोबीत ठाण मांडून बसले तेव्हा, मागे आफ्रिकन युनियन, शिवाय मदत आणि व्हिसा थांबवायचा दबाव, आणि मोंबासा बंदराकडून येणारा रस्ता बंद पडल्यामुळे युगांडा-रवांडात पेट्रोलची बोंब, म्हणजे शेजाऱ्यांनाही घाई होती. २८ फेब्रुवारीला समझोता झाला, ओडिंगा पंतप्रधान झाले. माणसं मरायची थांबली, हे मी फार मोठं मानतो. पण न्याय काही झाला नाही, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात या हिंसाचारासाठी उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो या दोन बड्या नेत्यांवर खटले होते, तेच दोघे २०१३ ला राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून एकत्र निवडून आले आणि खटले पुढे बारगळले.

आणि निरीक्षकांवर डोळे झाकून विश्वास नको. २०१७ ला मतदानाच्या थोडे दिवस आधी आयोगाचे आयटी अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा खून झाला, तरी बाहेरून आलेल्या बड्या निरीक्षकांनी मतदान-मोजणी एकंदर ठीक म्हटलं, आणि १ सप्टेंबरला केनियाच्याच सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द केली! कोर्टाने निकालाचा सर्व्हर दाखवा म्हटलं तर आयोगाने पूर्ण दाखवलाच नाही. निरीक्षक दिवसभर रांगा बघतात हो, गडबड होते बेरजेत.

म्हणून मला २०२२ महत्त्वाचं वाटतं. तिथे मतमोजणी बूथवरच होते आणि निकाल फॉर्म ३४ए वर लिहितात. ४६ हजारांवर बूथचे ते फॉर्म आयोगाने सरळ वेबसाइटवर टाकले, मग न्यूज चॅनेलवाले काय, घरी बसलेली कॉलेजची पोरं काय, ज्याला पाहिजे त्याने बेरीज केली. सातपैकी चार आयुक्तांनी निकाल मान्य नाही म्हणून सांगितलं तरी २००८ सारखं पेटलं नाही, ओडिंगा कोर्टात गेले, कोर्टाने फॉर्म तपासून रुटोंचा विजय कायम ठेवला.

आपल्याकडे मतदान संपल्यावर फॉर्म १७सी भरून त्याची प्रत आम्ही पोलिंग एजंटला देतो, त्यात किती मतं पडली ते असतं. तो सगळ्यांना बघता यावा म्हणून वेबसाइटवर टाका, ही मागणी २०२४ ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.